ओ निगेटिव्हचे अकरा दाते

रक्तपेढीची वेबसाइट तिथल्या जुन्या कर्मचारी मावशींनी वीस वर्षं पीएचपी या जुन्या संगणकी भाषेत सांभाळली होती. नव्या डेटाबेसचं नाव काढलं की त्या फणकारायच्या, "चालतंय त्याला हात कशाला लावायचा?" तरी साहेबांनी सोमवारी सकाळी नवा डेटाबेस सुरू केलाच.

दुपारी ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त ताबडतोब हवं होतं आणि स्क्रीनवर एकही दाता दिसेना. नवा डेटाबेस बसवणारी तरुण प्रोग्रामर पांढरीफटक पडली. मावशींनी झटकन जुनी यादी उघडली. अकरा नावं निघाली. तिसऱ्या फोनला एक शिक्षक म्हणाले, "निघालोच."

सगळे त्या प्रोग्रामरकडे रोखून बघत होते. मावशींची नजर मात्र यादीवर खिळली होती. कुणाचा रक्तगट 'ओ निगेटिव्ह' असा अक्षरांत लिहिलेला, कुणाचा नुसत्या वजा चिन्हानं. जुन्या कोडमध्ये त्यांनीच ते खपवून घेतलं होतं. नव्याला एकच ठरलेली पद्धत कळत होती आणि ती यांतली एकही नव्हती.

"हिला काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "घोळ माझा आहे."

बाळंतीण वाचल्याचा निरोप आला, तेव्हा दोघी शेजारी बसून एकेक नोंद दुरुस्त करत होत्या.