आमची ही

मी अंगानं बारीक आहे, आणि ते पाहून लोकांची निराशा होते. इथं कतारला, दोह्यात आल्या आल्या लेकीच्या शेजारीण बाईंची झालीच. "तुम्ही? त्या 'आमची ही' तुम्ही?" असं म्हणून त्यांनी माझ्या मागं कोणी उभं आहे का ते पाहिलं.

माझे यजमान आयुष्यभर लोकांना हसवत आले. सुरुवात ऑर्केस्ट्रातली. दोन गाण्यांच्या मध्ये वादक वाद्यं जुळवून घेत, तेवढ्यात लोक उठून जाऊ नयेत म्हणून ह्यांना माइकपुढं उभं करायचे. मग हे कोंबड्यासारखं आरवायचे, पुढाऱ्याचं भाषण ठोकायचे. आमचं लग्न झालं आणि नकलांमध्ये एक बायको आली. तिला नाव नव्हतं, नुसती 'आमची ही', ती कधी समोर यायची नाही, हे फक्त तिच्याबद्दल तक्रारी सांगायचे. रेडिओवर दर आठवड्याला लोक तिच्यासाठी थांबायला लागले. सिनेमात ह्यांना हवालदार, वेटर, हिरोचा मामा असली कामं मिळाली. एका सिनेमात 'आमची ही' प्रत्यक्ष दाखवली, तेव्हा त्यासाठी एक चांगली दांडगी बाई शोधून आणली. पुढं टीव्हीवर मालिका झाली. आणि मग तरुण मुलं आली, त्यांच्या नकला वेगळ्या होत्या, ह्यांचे फोन हळूहळू बंद झाले.

तक्रारी बहुतेक बनवलेल्या असत. एक मात्र खरी होती. मी झोपेत बोलते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ह्यांनी मला झोपेत भाजीवाल्याशी घासाघीस करताना ऐकलं, आणि पुढच्या आठवड्यात ते रेडिओवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मंडईत भाजीवाला म्हणाला, "वहिनी, भाव रात्रीच ठरला असेल की आपला." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन पिशवी तशीच ठेवून बसून राहिले. तेव्हापासून पाहुणे आले की, कुणाच्या घरी मुक्कामाला गेलो की मी जागी राहायची. ह्यांना एकदा बोलून पाहिलं. हे म्हणाले, "अगं, तुझं नाव कुठं घेतो मी?"

ह्यांचं विसरणं वाढलं म्हणून लेकीनं आम्हाला इकडं आणलं. ती इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, राहायला अल मुंतझा भागात. मी नातीच्या खोलीत झोपते, म्हणजे पडून राहते. नातीला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र ती इंग्रजीत देते.

लेकीच्या हॉस्पिटलात वसईची एक नर्स आहे. लहानपणी तिच्या घरी ह्यांचा रेडिओचा कार्यक्रम चुकत नसे. इथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम ठरला तेव्हा तिनंच ह्यांना बोलवायचं काढलं. लेकीची तयारी नव्हती. बाबांना आता जमणार नाही, उगाच शोभा होईल, असं ती मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होती. पण ह्यांच्या कानावर गेलं होतं, आणि त्या दिवसापासून हे रोज दाढी करायला लागले. मी एकच अट घातली, झोपेचं सांगायचं नाही. ह्यांनी मान हलवली.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. समोर बरीचशी तरुण मंडळी, कंपन्यांमधून दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेली, कडेवर मुलं घेऊन मागं उभी. आम्ही पहिल्या रांगेत होतो. ह्यांनी कोंबडा चांगला केला. भाषणही अर्ध्यापर्यंत चांगलं गेलं, आणि मग तेच वाक्य पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं. लोकांना वाटलं ही गंमतच आहे, ते हसले. हे गप्प झाले. माइकची दांडी धरून उभे राहिले. हॉल शांत झाला, तसा लेकीनं डोळ्यांवर हात घेतला.

हे माझ्याकडं बघत होते. ह्यांच्या डोक्यातून काय काय गेलंय आणि काय अजून शिल्लक असेल, ते मला ठाऊक होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "काल रात्री आमची ही झोपेत बोलली."

ह्यांचा चेहरा उजळला. "बोलली," हे म्हणाले, "आणि कुणाशी बोलली?"

"भाजीवाल्याशी."

पुढचं वाक्य ह्यांना आलं, त्यापुढचं आलं नाही, ते मी दिलं. असं आम्ही शेवटापर्यंत गेलो. लोकांना वाटलं बसवलेलंच आहे. मला सगळं पाठ होतं, इतक्या वर्षांत कान झाकून घेतले होते तरी. आणि मध्ये कुठंतरी माझ्या लक्षात आलं की मी लोकांचं हसणं ओसरेपर्यंत थांबतेय, मगच पुढचं वाक्य टाकतेय. मला ते आवडत होतं. खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते. ह्यांची फजिती झाली म्हणून मला लाज वाटली असती तर समजण्यासारखं होतं. मला माझीच वाटत होती.

वसईची नर्स येऊन माझे हात धरून रडली. गाडीत, सिग्नलला थांबलो तेव्हा लेक म्हणाली, "आई, शाळेत मुली मला विचारायच्या, तुझी आई काल झोपेत काय म्हणाली. मी तुला कधी सांगितलं नाही. आणि आज तू स्वतः उठून..." मागं नात म्हणाली, "आजी, यू वर सो फनी." मला कुणाकडं बघावं ते कळेना.

सकाळी चहाच्या वेळी हे खुशीत होते. कालचा कार्यक्रम कसा झाला ते सांगत होते, कोंबड्याला टाळी पडली ते आठवत होतं. मग मला विचारलं, "तू होतीस ना हॉलमध्ये?"

मी म्हटलं, होते.

पुढच्या आठवड्यात नर्सचा फोन आला. एशियन टाउनकडं राहणाऱ्या आपल्या कामगार मंडळींनी ऐकलंय, त्यांना दोघांचा कार्यक्रम हवाय, सुट्टीच्या दिवशी ठेवू, असं ती म्हणाली. हे बाहेरच्या खोलीत बसले होते. मी त्यांना न विचारताच सांगून टाकलं की ह्यांच्यानं आता होत नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, मला कुणी विचारलं नाही म्हणून मी एवढी वर्षं धुसफुसले, आणि आज हे मी काय केलं? ह्यांच्यानं होत नाही हे खरं होतं. पण मी नाही म्हटलं ते मला भीती वाटली म्हणून. पुन्हा उभं राहायला मला आवडेल, याची.

मी बाहेर येऊन ह्यांना सांगितलं, की बोलावणं होतं, मी नको म्हणून कळवलं. हे रागावतील असं वाटलं. ह्यांनी शेजारचा पेपर हातात घेतला.

"किती मिनिटं मागत होते?"

"पंधरा-वीस."

"तेवढं आहे की आपल्याकडं," हे म्हणाले, आणि पेपर उघडला.

मी अजून तरी उलटा फोन केलेला नाही.