पिशवी बांधलेली बकरी

लाँचच्या तांडेलानं आम्हांला गळाभर पाण्यात उतरवलं आणि समोरचा काळा डोंगर दाखवून सांगितलं, "हा ओलांडला की दुबई." ते खोटं होतं. त्या डोंगरामागे डोंगर होता आणि त्याच्यामागे आणखी डोंगर. साठीच्या दशकातली ही गोष्ट. त्या मुलखाला आजचं नाव मिळायचं होतं, आणि आमच्यासारख्या बिनकागदाच्या लोकांना खोर फक्कानच्या आसपास असंच कुठंतरी सोडून लाँच परत फिरत.

आम्ही नऊजण होतो, सगळे रत्नागिरी-कुलाब्याकडचे. त्यांत मी आणि माझ्या खालेचा, म्हणजे आईच्या बहिणीचा मुलगा. मी वीस वर्षांचा, तो सहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो. तो शिंपी होता. बोचक्यात कपडे कमी आणि सामान जास्त: मोठी कात्री, दोऱ्याची रिळं, मेणाचा गोळा, पोती शिवायचे तीन दाभण. "दुबईत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात बसतो बघ," असं तो लाँचवर सगळ्यांना सांगायचा.

उतरताना त्याचा पाय कालवांच्या खडकावर कापला. खाऱ्या पाण्यानं जखम धुतली गेली म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाय सुजला. तिसऱ्या दिवशी तो टेकवेना. बाकीचे सातजण थांबले, आपसांत काहीतरी बोलले, भाजलेल्या चण्यांची एक पुरचुंडी आमच्याजवळ ठेवली आणि निघाले. गाव लागलं की माणूस पाठवतो म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. मी त्यांच्यात असतो तर मीही निघालो असतो.

आम्ही एका कोरड्या ओढ्यात होतो. एका कडेला खडकाच्या खोबणीत पाणी साचलं होतं, त्याच्या काठाला बोरू उगवला होता आणि वर एक जुनं बोराचं झाड होतं. झाडाला बोरं नव्हती. चणे दीड दिवस पुरले. त्यानंतर भाई पाण्यात बोट बुडवून ओठांना लावायचा आणि म्हणायचा, "सोलकढी आहे असं समज." मला हसू येत नव्हतं.

लहानपणी आमच्या गावामागच्या डोंगरात एक कातकरी राहायचा. त्यानं मला धनुष्य करायला शिकवलं होतं. कुठली फांदी घ्यायची, ती कशी तासायची, तीर सोडताना श्वास कुठं धरायचा, सगळं त्यानं दाखवलं होतं. पण माझा तीर कधी कुणाला लागला नव्हता. ससा नाही, रानकोंबडी नाही. तो म्हणायचा, "तुझा हात सोडायच्या वेळी मागं येतो. तुला मारायचं नसतं."

भुकेनं मला त्याची आठवण झाली. मी बोराची एक सरळ फांदी कात्रीनं कशीबशी कापली. भाईनं पडल्या पडल्या दोरे पिळले, मेण लावलं, पुन्हा पिळले. त्याला ताप चढला होता, तरी त्यानं वळलेली ती दोरी अशी आली की हातानं तुटेना. बोरूच्या काड्यांना पुढं दाभण बांधले, मागं पाणवठ्यावर पडलेली पिसं. तीन तीर झाले. पहिला दिवस मी पाण्यावर उतरणाऱ्या होल्या पक्ष्यांवर नेम धरण्यात घालवला. एकही लागला नाही, आणि एक दाभण खडकावर आपटून मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर बकरी आली. तपकिरी, बारीक, लांब कानांची. मी खडकाआड होतो, दहा-बारा पावलांवर. त्या डोंगरात रानबकऱ्या आहेत असं लाँचवर कुणीतरी म्हणालं होतं. मी तेच धरून ठेवलं. बिस्मिल्ला म्हटलं आणि तीर सोडला. या वेळी हात मागं आला नाही.

तीर कुशीत घुसला. ती ओरडली आणि ओढ्यातून वर पळाली. मी मागं. दगडावर रक्ताचे थेंब पडत होते, मध्येच दिसेनासे व्हायचे, मग पुन्हा सापडायचे. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिच्या मागं होतो. ती थांबायची, माझी चाहूल लागली की उठायची. शेवटी एका कपारीत बसली ती उठली नाही.

जवळ गेलो तेव्हा मला तिच्या गळ्यातली लाल दोरी दिसली. तिच्या आचळांना कापडाची पिशवी बांधलेली होती. करडानं दूध पिऊन संपवू नये म्हणून बांधतात तशी. पिशवी हातानं शिवलेली होती, बारीक टाक्यांची, आणि कोपऱ्याला ठिगळ होतं. ती जिवंत होती. मान वर करून माझ्याकडं बघत होती. माणसाची सवय असलेलं जनावर बघतं तसं.

तिथं मी थांबू शकलो असतो. तीर काढून, तिला उचलून, कुणाची आहे ते शोधायला जाता आलं असतं. मी थांबलो नाही. तिचं तोंड किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला केलं, निदान मला वाटलं तिकडं, आणि कात्रीच्या पात्यानं हलाल केली. कात्रीनं नीट कापलं जात नव्हतं. त्याला वेळ लागला. दोरी आणि पिशवी मी दगडांखाली पुरली.

भाईला मी सांगितलं, "रानातली मिळाली." त्यानं माझा हात धरला. "माझा शिकारी भाऊ," म्हणाला. आम्ही मांस भाजलं. मीठ नव्हतं. तो हळूहळू, डोळे मिटून खात होता.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर वरच्या वाटेवरून हाक ऐकू आली. शब्द कळत नव्हते, पण बकरीला बोलावायची हाक कुठंही कळते. एक म्हातारी खाली उतरली. तोंडावर त्या भागातल्या बायका घालतात तो चोचीसारखा बुरखा, पायांत काही नाही. तिनं आम्हांला पाहिलं, मग झाडावर वाळत घातलेलं कातडं. त्याचा कान हातात घेऊन तिनं कानाला खुणेसाठी पाडलेल्या खाचेवर अंगठा फिरवला.

"लेश?" तिनं मला विचारलं. "लेश?"

हा शब्द म्हणजे 'का' हे मला पुढं कळलं. तेव्हाही समजायचं ते समजलं होतं. ती भाईच्या पायाजवळ वाकली, वास घेतला आणि वर निघून गेली.

भाई म्हणाला, "तिची होती?"

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"मारल्यावर कळलं."

"मारल्यावर की कापायच्या आधी?"

हातातला तुकडा त्यानं बाजूला ठेवला. त्यानंतर त्यानं ते मांस खाल्लं नाही.

दुपारी म्हातारी परत आली. बरोबर तिचा मुलगा, त्याच्या खांद्याला बंदूक आणि मागं गाढव. मला वाटलं, संपलं. त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं माझ्या खांद्यावर एकच फटका मारला. मग भाईला लहान पोरासारखं उचलून गाढवावर बसवलं आणि मला म्हणाला, "यल्ला," म्हणजे चल.

त्यांची झोपडी दगडांची होती, वर खजुरीच्या झावळ्या. आत तान्हं मूल रडत होतं. मूल म्हातारीच्या मुलाचं होतं, त्याची बायको बाळंतपणात गेली होती, आणि मूल त्या बकरीच्या दुधावर होतं. हे मला तेव्हा कुणी समजावून सांगितलं नाही. म्हातारी खजूर पाण्यात कुस्करून त्याच्या तोंडात बोटानं घालत होती आणि ते थुंकत होतं, एवढं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुलगा मला घेऊन दुसऱ्या वस्तीवर गेला. तिथून आम्ही दूध देणारी बकरी आणली. ती मी खांद्यावर घेऊन आलो. त्या बदल्यात त्यानं आपली बंदूक तिथं ठेवली होती.

म्हातारीनं भाईच्या पायाला कसलासा पाला गरम करून बांधला. पण काळेपणा गुडघ्याच्या वर गेला होता. चौथ्या दिवशी तो गेला. त्या मुलानंच माझ्याबरोबर त्याला गुसल दिलं, म्हणजे शेवटची आंघोळ घातली, कबर खणली आणि नमाज पढवली. शेवटचे दोन दिवस भाई माझ्याशी बोलला नव्हता. म्हातारीशी मात्र बोलायचा, आपल्या कोकणीतून, आणि ती मान हलवायची.

मी तिथं वीस-एक दिवस राहिलो. पाणी वाहिलं, लाकडं आणली. जायच्या आदल्या दिवशी ती पुरलेली पिशवी काढून आणून म्हातारीसमोर ठेवली. तिनं ती धुतली आणि नव्या बकरीला बांधली. मूल मी निघालो तेव्हा जिवंत होतं, पण फार बारीक झालं होतं. पुढं काय झालं ते मला माहीत नाही. आता त्या डोंगरातून गुळगुळीत रस्ता गेलाय. मी दोनदा गाडीनं जाऊन शोधलं. ना कबर सापडली, ना ओढा.

दुबईत पोचल्यावर मी खालेला पत्र लिहिलं की भाईला ताप आला आणि तो गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. तिनं एकच गोष्ट विचारली होती: शेवटी त्याच्या पोटात काही होतं का?

मी लिहिलं, हो. मटण होतं. पोटभर जेवला.