एकदम ठीक, साब!

माझा भाऊ दादासो अडतीस वर्षांचा आहे. समज मात्र पाच-सहा वर्षांच्या पोराइतकी, असं त्याच्या प्रमाणपत्रावर लिहिलंय. लिहिणाऱ्याने त्याला म्हशी सांभाळताना बघितलेलं नाही. रहिमतपुरात आमच्या आळीत कुणाचीही म्हैस विताना अडली की दादासोलाच हाक मारतात, आणि त्याच घरच्या लग्नात त्याला पंगती उठल्यावर वाढतात. गावावर माझा राग आहे तो उगाच नाही.

आबांवर त्याहून जास्त आहे. आबा म्हणजे आमचे वडील केरबा, फौजेतून हवालदार होऊन आले. आई गेल्यावर त्यांनी दादासोला एकट्याने सांभाळलं, हे मान्य. कुणी त्याला हसू नये म्हणून त्यांनी त्याला कवायत शिकवली. मोठा माणूस समोर आला की टाचा जुळवायच्या, सलाम ठोकायचा, आणि त्याने काहीही विचारलं तरी ओरडायचं, "एकदम ठीक, साब!" तलाठी, मास्तर, बँकेचा मॅनेजर, सगळे खूश. आबांची छाती फुगायची. दुखलं तर काय म्हणायचं, हे मात्र शिकवलं नाही. फौजेत ते म्हणायचं नसतं म्हणे!

गेल्या दिवाळीनंतर त्याने जेवण सोडलं. ताट फेकलं, भिंतीवर डोकं आपटलं. गावातल्या डॉक्टरने लांबूनच बघितलं, "अशा मुलांचं असंच असतं," म्हणाला आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी आबा त्याला साताऱ्याला एका मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. "काय होतंय?" डॉक्टरने विचारलं. दादासो उठला, टाचा जुळवल्या, "एकदम ठीक, साब!" डॉक्टर हसला. आबाही हसले. पोटाला हातही न लावता दोघांनी मिळून त्याला घरी परत पाठवलं.

मी सांगलीहून माहेरी पोहोचले तेव्हा तो गोठ्यात गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं.

"आबा, ह्येचं पोट बघितलंसा का? दगड झालंय दगड!"

"साताऱ्याच्या डॉक्टरनं बघितलंय. ह्यो सोता म्हणाला, ठीक हाय."

"त्यो समद्यांस्नी तसंच म्हणतो! तुमीच शिकवलंय न्हवं?"

"आवाज खाली कर. पोराला माणसांत आणलंय मी."

"आणलंय खरं. आता तुमच्याच हातानं घालवताय!"

बापाला असं कुणी बोलतं का, असं आळीतल्या बायका पुटपुटल्या. पुटपुटू देत. शेजारी धुळा राहतो, त्याच्या जीपमध्ये घालून मी त्याला सांगलीला आणलं; आबाही मागे चढून बसले. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. ऑपरेशन करणारे डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "इतके दिवस काय करत होता?" मीही खेकसले, "तुमच्याच भावकीतल्या दोघांना विचारा!"

दादासो वाचला. चौथ्या दिवशी श्रद्धा नावाची नर्स एक कागद घेऊन आली. ज्याला स्वतःचं सांगता येत नाही, त्याच्याबद्दल घरच्यांना विचारून तो भरायचा आणि खाटेला लावायचा, म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला कळतं. सुचलं एकदाचं यांना, असं मनात म्हणत मी तडातडा उत्तरं दिली. आवडतं काय, तर म्हशी. भितो कशाला, तर फटाक्यांना.

"दुखायला लागलं की काय करतात ते?"

"डोकं आपटतो."

"ते अगदी असह्य झाल्यावर. त्याच्या आधी? दात, कान, काही थोडंसं दुखलं तर कसं ओळखता?"

मी खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या आबांकडे बघितलं. ते दादासोची चादर सारखी करायला लागले. आता यांना सोडायचं नाही म्हणून मी तोंड उघडलं, आणि मीच आठवायला लागले. लग्न होईपर्यंत आम्ही दोघं भावंडं एका ताटात जेवलो होतो. श्रद्धा पेन धरून थांबली होती.

"माहीत नाही," मी म्हटलं. तिने तेच लिहून घेतलं.