गोल चकतीची खाच

भीती मला पोटात नाही, कानात जाणवते. कान तापतात. त्या दिवशी सुलतानपूरला बाबांच्या शिलाईच्या दुकानात ते असे तापले की इस्त्री पेटवायची गरज नव्हती.

पुण्याच्या गाडीला दोन तास होते. मांडीवर डबा, डब्यात सहा बंद पाकिटं, प्रत्येकात कोटाच्या बटणाएवढी पारदर्शक चकती. चिखलीच्या कॉलेजात मी त्या कापसापासून केल्या होत्या. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यांवर कातडीच्या पेशी वाढवायच्या होत्या. जमलं तर पुढेमागे भाजलेल्या माणसाच्या कामी येतील. पण कोऱ्या चकतीवर पेशी धरत नाहीत, सुटून मरतात. म्हणून मी एकाच बाजूवर रसायनाची प्रक्रिया केली होती. पेशी त्याच बाजूवर सोडायच्या. तिथली वेळ उद्या सकाळची, कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वर्षभर विनवण्या करून मिळवलेली.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सुलट बाजू कोनती याची?" कापडाच्या प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूची फुली मारल्याशिवाय ते सुई उचलत नाहीत.

"खूण केली नं. हे पाहा, काठाले खाच. खाच वर ठेवली का सुलट." मॅडमनाही मी असंच ऐटीत सांगितलं होतं.

बाबांनी कागदाची चकती कापली, खाच पाडली, मागे फुली मारली. खाच वर ठेवली. मग चकती पालथी केली. फुली समोर आली. खाच वरच.

"काऊन बे, गोल वस्तूले एकच खाच? तिले तरी कसं कळन, आपून पालथे हावो म्हनून?"

"पाकिटात साऱ्या सारख्याच ठेवल्या असतीन."

"असतीन का ठेवल्या?"

मला आठवेना. उघडून पाहिलं तरी दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच, वर निर्जंतुक पाकिटं वाया गेली असती. गप्प राहावंसं फार वाटलं. निम्म्या तरी नशिबानं सुलट निघतील! पण पेशी मेल्या असत्या तर माझ्या खाचेला कुणी नावं ठेवली नसती; कापसावरची ही प्रक्रियाच फसली, असं लिहिलं गेलं असतं. मॅडमचं सगळं काम तिथंच संपलं असतं.

फोन लावताना मी तीनदा कापला. चौथ्यांदा त्यांनी उचलला. मी सगळं सांगून टाकलं.

"गाडीत बसू नका. परत या. सहाही पुन्हा करा."

"आणि पुण्याची वेळ, मॅडम?"

"ती गेली. पुढची मिळेल की नाही, मला माहीत नाही."

बाबांनी कागदाच्या नव्या चकतीला दोन खाचा पाडल्या, मोठी अन् तिच्या उजवीला बारकी. पालथी केली की बारकी डावीला. चिखलीच्या गाडीत मी ती चकती उलटसुलट करत बसलो. शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

नव्या चकत्या तयार आहेत. पुण्याहून अजून बोलावणं नाही. फोन वाजला की आधी कान तापतात.