फक्त देवमनला उठवणारं घड्याळ

मूर्तिजापूरचा देवमन झोपला की मेल्यासारखा. आणि पहाटेची अकोल्याची गाडी काही त्याच्यासाठी थांबत नाही. अठरा वर्षं झाली, डाळमिलमध्ये थरथरत्या चाळणीवर दोन्ही हात ठेवून उभा राहतो बिचारा. दोनदा उशीर झाला, तेव्हा मुनीम म्हणाला, "आता उशीर झाला, तर येऊच नको."

मोबाइलचा गजर लावावा, तर शेजारी बारा वर्षांची इशिता झोपलेली. पोरीला झटके येतात. तिची झोप मोडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बायको सिंधू दवाखान्यात आया. रात्रपाळी करून सातला घरी येते. मग देवमनला उठवणार कोण? काम गेलं तर गोळ्या कुठून आणायच्या, सांगा!

देवमन नुसता येडा झाला. भंगारातल्या मोबाइलची थरथरणारी मोटर काढली, छोट्या घड्याळाला जोडली, भोंगा तोडला आणि पट्ट्यानं मनगटावर बांधलं. मोटर फिरते का, तेवढं डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या पहाटे बरोबर साडेचारला जाग आली. गाडीत बसल्याबरोबर त्यानं दवाखान्यात सिंधूला फोन केला. "जमलं वं सिंधू!" म्हणता म्हणता तिथंच रडला.

त्यानंतर गाडी एकदाही चुकली नाही. पण इशिताचे झटके वाढले. पंधरा दिवसांत चार! डॉक्टर विचारत, "झोप मोडते का?" देवमन पोरीच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हणे. कोणाच्या पाया पडावं, त्याला कळेना.

एका दुपारी मिलमधला श्रावण म्हणाला, "मलेही एक बनवून दे ना." देवमननं घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं, गजर लावला.

"अरे बाप्पा, केवढं थरथरून राहिलं हे!"

देवमननं ते परत आपल्या हाताला बांधलं. काहीच कळेना. दुसऱ्या हाताला बांधलं. तिथंही नाही. चाळणीनं हात कधीच बधिर करून टाकले होते, आणि या शहाण्याला पत्ता नव्हता.

घरी येऊन त्यानं पोरीला जवळ घेतलं. "खरं सांग, मले रोज कोन उठवते?"

इशिता मान खाली घालून म्हणाली, "घड्याळानं गादी हलली का मले जाग येते. तुमी उठतच नाही, बाबा. मंग मी तुमाले ढोसते, अन् झोपल्यासारखी पडून राह्यते."

देवमननं दातांनी पट्टा तोडला आणि घड्याळ अंगणात भिरकावलं. मग तो तोंडावर हात ठेवून मोठ्यानं रडायला लागला.

इशिता घाबरली. त्याच्या जवळ सरकून म्हणाली, "बाबा, उद्या कोन उठवीन तुमाले?"