नाईकाची वाट

परवा कडावजवळ वीटभट्टीचा धूर नाकात गेला आणि कातकरवाडीतली ती दुपार आठवली. मी तिथे मास्तर होतो. शाळेतल्या एका मुलीची आई वारली होती. वाडीचा नाईक, म्हणजे कातकऱ्यांचा प्रमुख, खोपोलीकडे भट्टीवर कामाला गेला होता आणि तो येईपर्यंत मयत उचलायचं नव्हतं.

“सरपंचांना बोलावू का?” मी वैतागून विचारलं.

“सरपंच सहीला ठीक हाय, मास्तर. मरणाला नाईकच लागतो,” एक म्हातारी म्हणाली.

तिन्हीसांजेला विटांच्या धुळीने माखलेला नाईक धावत आला. मृतेच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, “जा गं बाय. पोर आता माजी हाय.”

तेव्हा मला ती नुसती रीत वाटली. गेल्या महिन्यात माझी धाकटी बहीण गेली, शाळकरी मुलगी मागे ठेवून. दारात नातेवाईक मावत नव्हते. पोर एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. ते एक वाक्य मलाही म्हणता आलं नाही. अजूनही येत नाही.