झरीचा सोन्याचा सिंह

वालूरचे व्यंकटराव म्हणजे माझे थोरले भाऊ, आमचे दादा. आता ते नाहीत, म्हणून मोकळं बोलतो. माणूस हुशार, पण जुनं सोन्याचं नाणं दिसलं की अक्कल गहाण ठेवायचा. निजाम सरकारची यंत्रावर पाडलेली चारमिनारची नाणी त्यांना बेचव वाटत. कोरलेल्या ठशावर सोन्याची टिकली ठेवून वरून हातोडा हाणलेलं नाणं हवं, राजाच्या खुणेसकट. हातोडा नीट बसला नाही तर खूण अर्धीच उमटे. दादांकडं एका हत्तीचं नुसतं ढुंगण होतं, त्यालाही ते राजवैभव म्हणत.

झरीच्या कडूबाईंच्या देव्हाऱ्यातल्या नाण्यावर मात्र अख्खा सिंह होता. आयाळ, शेपूट, डोक्यावर चंद्रसूर्य. कडूबाई त्याला देवीचा सिंह म्हणून पूजत आणि दर मंगळवारी चिंच-राखेनं घासत.

"ह्यो कदंब राजाचा सिंह हाय," दादा म्हणाले. "देवीचा आसता तर वर देवी नसती का?"

"पाणी प्यायला उतरली आसंल," कडूबाई म्हणाल्या. "आन् देव इकत न्हाईत आमी."

पुढं शेपूट झिजलं, मग एक पंजा. मंगळवार आला की दादांना जेवण जाईना. शेवटी त्यांनी आपली मनकर्णा कडूबाईंच्या चंद्रभानला दिली. त्या घरी जमीनजुमला होता, त्यामुळं कोणी काही विचारलं नाही. पाठवणीच्या वेळी बाप लेकीच्या कानात म्हणाला, "सिंहाला राख लावू नगंस. नुसतं पाणी." मी शेजारीच होतो. ऐकलं आणि हसलो.

त्यानंतर आम्हा दोघा भावांच्या झरीला खेपा सुरू झाल्या. चौथ्या खेपेला मनकर्णा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. दादा नेहमीसारखे तिला वळसा घालून थेट देव्हाऱ्याकडं गेले. तिथं एक गुळगुळीत टिकली चकाकत होती.

"कुणी घासला ह्यो?"

"मी. रोज. विटकरीच्या भुकटीनं."

"सासूनं सांगितलं?"

"त्यांचा हात दुखायलाय, त्या देवाला शिवत बी न्हाईत." तिनं तांब्या पुढं केला. "चार बारी आलात, आबा. चारी बारी सिंहाचं इचारलंत. आता त्याच्यात बघाय काई न्हाई. आता तरी माझ्याकडं बघा."

दादांनी बघितलं. पोर पार वाळून गेली होती. मला ते पहिल्याच खेपेला दिसलं होतं आणि मी बोललो नव्हतो. त्याची लाज मला अजून वाटते.